जुन्या पार्टांतून ग्रॅव्हल सायकल: बेळगावात कुणी जमवलीय का?

तिसरं_गेट
मंडळी, नमस्कार. माळा आवरताना आणि आत्याच्या खानापूरच्या घरामागून मिळून बराच ऐवज निघालाय. चुलतभावाची लोखंडी एमटीबी (माउंटन बाईक), २६ इंची, व्ही-ब्रेकवाली (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारे लांब हातांचे ब्रेक), मागे ७ गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच). पुढचा शॉक मेलाय, दाबला की वर यायचं नाव घेत नाही. शिवाय मामाची कॉलेजच्या वेळची रेसिंग सायकल. तिची फ्रेम खालून सडलीय, पण वाकडं (खाली वळणारं रेसिंगचं) हँडल, ब्रेकचे लिव्हर आणि ७००सीची (रोड सायकलच्या मापाची) दोन्ही चाकं धड आहेत. वर एक डबा भरून किरकोळ सामान: दोन डिरेल्युअर (चेन गिअरवर सरकवणारे), अंगठ्याने ओढायचे जुने शिफ्टर, चेनचे तुकडे.

डोक्यात आहे ती ग्रॅव्हल सायकल, म्हणजे माती-खडीच्या रस्त्यांसाठीची. रोड बाईक आहे माझ्याकडे, पण तिला घेऊन देसूर-नंदिहळ्ळीच्या पाणंदीत शिरता येत नाही आणि बेळगुंदीवरून राकसकोपला जाताना डांबर सुटलं की जीव मुठीत धरावा लागतो. नवी घ्यायची ऐपत नाही अशातला भाग नाही, पण हे सगळं सामान किलोवर घालवायला मन होईना.

प्रश्न तीन. चाकं कुठली लावू, २६ की ७००सी? ब्रेकचं काय? गिअर किती ठेवू?

पुण्यातला_बेळगावकर
दादा, हौस समजतो. तरी स्पष्ट बोलतो, राग नको. ग्रॅव्हल ही आता वेगळी जातच झालीय. २००६ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाला २०० मैलांची मातीवरची शर्यत सुरू झाली, तीच आजची अनबाउंड. २०१९ ला शिमानोने खास या प्रकारासाठी जीआरएक्सचे पार्ट काढले. फ्रेमची भूमिती, डिस्क ब्रेक, ४० च्या पुढची टायरं, सगळं एकमेकांना धरून बनवलेलं असतं. तुमच्या डब्यातलं एकही सामान दुसऱ्यासाठी बनलेलं नाही. जुळवाजुळवीत जे पैसे जातील त्यात थोडी भर घातली की नवी येते.

दीड_सूत
पुणेकर बोलतात त्यात अर्धं खरं आहे. जुळवाजुळवीत पैसे जातात ते न मोजता सामान आणणाऱ्याचे. मी उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलं, म्हणून सांगतो: एक रुपया खर्चायच्या आधी व्हर्नियर हातात घे. तुझ्याकडे नसला तर ये, माझ्याकडे आहे.

पहिलं माप सीटच्या दांड्याचं. फ्रेमची सीटची नळी बाहेरून २८.६ भरली आणि आत २७.२ चा दांडा जात असला तर नळी पातळ आहे, म्हणजे बरं पोलाद, बहुतेक क्रोमोली. त्याच नळीत २५.४ चा दांडा असेल तर जाड पाईप आहे. चालते तीही, मोडत नाही, फक्त चढाला वजन कळतं.

दुसरं माप मागच्या चिमट्यातलं, दोन्ही ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या खाचांच्या) आतल्या बाजूंमधलं अंतर. एमटीबीला १३५ मिमी असतं, रोडच्या चाकाला १३०, त्याहून जुन्याला १२६. तिसरं हँडलच्या मधल्या भागाचं: २५.४, २६.० की ३१.८. २५.४ च्या स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या तुकड्यात) २६ चं हँडल ठोकून घालणारे महाभाग मी बघितलेत. ०.६ मिमी म्हणजे काय ते लेथवाल्याला विचारावं.

ही तीन मापं इथं टाक, मग बोलू. तोवर काही विकत आणू नको.

चंदगडी_काजू
चाकांचं मी सांगतो, मोजायची गरजच नाही. २६ चीच लाव. कारण ब्रेक. तुझ्या फ्रेमवर व्ही-ब्रेकचे खुंट २६ च्या रिमच्या हिशेबाने वेल्ड केलेत. २६ ची रिम ५५९ मिमी, ७००सीची ६२२. म्हणजे रिम सव्वा इंच वर गेली, ब्रेकचं रबर खाली तारांवर घासणार. डिस्क असती तर वेगळी गोष्ट.

आणि २६ ला कमी कोण समजत असेल तर हिशेब करा. २६ गुणिले २.० चं टायर चढवलं की चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६६० भरतो, ७०० गुणिले ४० चा ७०२. चार सेंटीमीटरचा फरक. आमच्या तुडये-हाजगोळी बाजूला मातीच्या रस्त्यावर हा फरक जाणवतो कमी, टायरची रुंदी जाणवते जास्त. तांबडी माती उन्हाळ्यात पिठागत असते, चिंचोळं टायर त्यात रुततं. जूननंतर तीच माती शेवाळलेल्या फरशीगत. दोन्हीला रुंदी आणि कमी हवा हाच उपाय. मी ७० किलोचा आहे, २ इंची टायरात ३५ पीएसआयच्या वर हवा भरत नाही.

गोकाक-सौंदत्तीकडच्या मंडळींनी मात्र वेगळा विचार करावा. तिकडची काळी माती टायरला चिकटून फ्रेममध्ये गच्च बसते. टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा नसली तर पावसाळ्यात सायकल खांद्यावर.

निपाणीची_पूड
मला एक कळंना, वाकडं हँडल पायजे कशाला? सरळ हँडल ठेव, दोन्ही टोकाला शिंगं लाव, झाली ग्रॅव्हल. ब्रेक हाय तेच, शिफ्टर हाय तेच. निम्मं दुखणं तिथंच संपतंय की वो.

तिसरं_गेट
@निपाणीची_पूड: खरं आहे तुमचं. पण माझं मनगट सरळ हँडलवर तासाभरात बधिर होतं. जांबोटी रोडला समोरून वारा असतो तेव्हा खाली वाकून धरायला जागा हवी. वाकडं हँडल नक्की.

@दीड_सूत काका, मापं घेतली. सीटची नळी २८.६. मागचा चिमटा १३५. मामाचं हँडल लोखंडी आहे, २५.४, आणि एमटीबीचा स्टेमही २५.४. सीटच्या दांड्याचं माप घेता आलं नाही, कारण तो हलत नाही. अॅल्युमिनियमचा दांडा, लोखंडी फ्रेम, वीसेक पावसाळे.

दीड_सूत
गंजून धरला. ठोकू नको. डब्ल्यूडी किंवा कुठलंही पातळ तेल वरून सोड, सायकल उलटी करून बीबीच्या (क्रँक फिरतो त्या खालच्या बेरिंगच्या) बाजूनेही सोड, आणि दोन दिवस विसरून जा. मग सीट काढून दांड्याचं डोकं मोठ्या बेंच व्हाइसमध्ये पकड आणि आख्खी फ्रेम धरून फिरव. पान्याने दांडा फिरवायला गेलास तर दांडा पिळतो. फ्रेम लांब आहे, तिचा जोर जास्त. पहिल्यांदा ‘कट्’ असा आवाज येतो, घाबरू नको, फ्रेम मोडली नाही, गंज सुटला. दांडा मात्र वाया गेलाच असं धर.

काहीजण कॉस्टिक सोडा ओततात. अॅल्युमिनियम विरघळतं, लोखंडाला काही होत नाही, हे बरोबर. पण त्यातून हायड्रोजन सुटतो आणि डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो. घरी करू नये.

कॅम्पातली_सायकल
ब्रेकवर अजून कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. सगळी मेख तिथं आहे.

व्ही-ब्रेकला केबल जास्त लांब ओढावी लागते. एमटीबीचे लिव्हर त्याच हिशेबाचे असतात. मामाच्या रेसिंगचे लिव्हर केबल जवळजवळ निम्मीच ओढतात. ते व्ही-ब्रेकला जोडले तर लिव्हर हँडलला टेकेल आणि रबर रिमला जेमतेम शिवेल. रिमला अगदी चिकटून रबर लावलं तर घरासमोर ब्रेक लागतो, पण रिमला जरासा आऊट (वाकडेपणा) आला की घासायला लागतं, आणि पाऊस पडून रबर झिजलं की काहीच उरत नाही. राजहंसगडावरून उतरताना हे कळून उपयोग नाही.

उलटं केलं, म्हणजे लांब ओढणारा लिव्हर जुन्या कँटिलिव्हर ब्रेकला (टायरवरच्या आडव्या तारेने ओढले जातात ते), तर लिव्हर हाताला दगडागत घट्ट लागतो. माणसाला वाटतं ब्रेक झकास आहे. सायकल मात्र थांबत नाही. हे जास्त धोक्याचं.

रस्ते तीन. एक, व्ही-ब्रेक काढून कँटिलिव्हर लावायचे; मग जुने लिव्हर चालतात, पण फ्रेमवर केबल अडकवायला टेकू नाही, तो करून घ्यावा लागेल. दोन, आखूड हातांचे मिनी-व्ही. त्यात २ इंची टायरला जागा उरत नाही. तीन, वाकड्या हँडलचे पण व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले लिव्हर. टेक्ट्रोचे आरएल ५२० मिळतात. मी तिसरा घेईन. पैसे कुठे घालायचेच असतील तर इथे घाला.

मामाच्या लिव्हरला आडवी दुसरी दांडी असेल, हँडलच्या वरच्या भागाला समांतर, तर ती काढूनच टाका. ती वाकते, ब्रेक लागत नाही.

दीड_सूत
ताईंचं बरोबर. तरी टेकूचं काम अवघड नाही, ३ मिमीच्या पट्टीचा एल करून सीटच्या क्लॅम्पच्या बोल्टला लावला की झालं. दहा मिनिटांचं काम. नवे लिव्हर कशाला?

कॅम्पातली_सायकल
काका, मागचा टेकू होईल. पुढच्याचं बघा. कँटिलिव्हरची आडवी तार टायरच्या बरोबर वर असते. मुख्य केबल तुटली तर ती तार टायरवर पडते, खाचांत अडकते आणि चाक जागच्या जागी जाम. माणूस हँडलवरून पुढे. म्हणूनच जुन्या सायकलींना तिथे रिफ्लेक्टरची पट्टी असायची, शोभेला नव्हती ती. ज्यांना कँटिलिव्हरच लावायचे त्यांनी ती पट्टी किंवा मडगार्ड ठेवावं.

दीड_सूत
हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. लिव्हर घे रे बाबा.

दूध_संकलन_केंद्र
मी गेली कित्येक वर्षं या सायटीवर नुसता वाचतो, आज लिहितो. आमच्याकडे दुधाच्या घागरींची २८ इंची काळी सायकल आहे, तिला २८ गुणिले दीड इंचाची टायरं. दीड इंच म्हणजे ३८ मिमी, ग्रॅव्हलचीच रुंदी की. ती टायरं ७००सीच्या रिमवर चढवता येतील का? आमच्या गावात सहज मिळतात.

चंदगडी_काजू
नाही हो. रुंदी जुळते, घेर जुळत नाही. काळ्या सायकलीची रिम ६३५ मिमीची, ७००सी ६२२ ची. टायर चढेल आरामात, हवा भरली की रिमवरून उडेल. टायरच्या अंगावर बारीक अक्षरात रुंदीच्या पुढे असे आकडे छापलेले असतात, दुकानात तेवढे बघायचे. २६ इंचातही हाच घोळ आहे. लेडीज सायकलीचं २६ गुणिले १ ३/८ म्हणजे ५९०, आणि एमटीबीचं २६ म्हणजे ५५९. दुकानदार दोन्हीला ‘सव्वीस’च म्हणतो.

बाकी तुमच्या मुद्द्यात दम आहे. काळ्या सायकलीवर दोन घागरी बांधून मातीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यापुढे आपण कोण ग्रॅव्हलवाले.

तिसरं_गेट
दांडा सुटला! काकांच्या व्हाइसवरच. आवाज खरंच तसाच आला. दांडा २७.२ निघाला. म्हणजे पोलाद बरं आहे. लिव्हर मागवलेत. आता शॉक काढून काय लावू, आणि गिअरचं बोला.

कॅम्पातली_सायकल
साधा लोखंडी चिमटा (पुढचा फोर्क) लावा, व्ही-ब्रेकच्या खुंटांचा, नवा. घेताना एक बघायचं: चाकाच्या एक्सलपासून चिमट्याच्या डोक्यापर्यंतची उंची. जुन्या शॉकची मोजा, माणूस बसल्यावर तो जेवढा दबायचा तेवढी त्यातून वजा करा, आणि त्याच्या जवळचा चिमटा घ्या. २० मिमी कमी घेतला की पुढचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो. सायकल वळायला चपळ होते, पण गोट्यांवर हातातून निसटते, आणि पेडलही खाली येतं.

फ्रेम एमटीबीची असल्यामुळे वरची नळी लांब. त्यावर वाकडं हँडल म्हणजे हात आणखी पुढे. स्टेम आखूड घ्या, ५० ते ६० मिमी.

दीड_सूत
गिअरचं माझं मत: पुढे एकच चकती, ३४ किंवा ३६ दातांची. मागे १४-३४ चं ७ चं फ्रीव्हील मिळतं, ते टाक. ३४ ला ३४ म्हणजे पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. चोर्ल्याचा घाटसुद्धा बसून चढशील. जुन्या डिरेल्युअरमध्ये चेन ताणून धरणारा क्लच नसतो, म्हणून पुढची चकती जाड-बारीक दातांची घे, नाहीतर खड्ड्यात चेन पडते.

अंगठ्याचे शिफ्टर तुझ्या डब्यात आहेत ते फ्रिक्शनचे (खटके नसलेले) असले तर सोनं. कुठलाही डिरेल्युअर, कुठलंही फ्रीव्हील, चालतं. फक्त एमटीबीचं हँडल २२.२ आणि वाकडं २३.८, तेव्हा पट्टी बसणार नाही. लोखंडी पट्टी असेल तर उघडून बसेल. ओतीव अॅल्युमिनियमची असेल तर ताणू नको, तुटते. माझ्याकडे आण, बोअर करून देतो.

जुनी चेन बघायला हत्यार लागत नाही. शाळेची फूटपट्टी घे. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धर. बारा जोड्या बरोबर १२ इंचाला पिनवर यायला पाहिजेत. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदल. एक सूत पुढे गेली तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलं समज. नवी चेन त्यावर उड्या मारील.

हब उघड. मागे दोन सुती छर्रे, एका बाजूला नऊ. पुढे दीड सुती, दहा-दहा. सगळे नवे टाक, स्वस्त असतात. कोनवर (छर्रे फिरतात त्या शंकूवर) बारीक खड्डे दिसले तर कोनही बदल. आणि मागचा एक्सल काचेवर लोळवून बघ. फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचा बेरिंग फार आत असतो, एक्सल तिथंच वाकतो. लोळताना काचेखालून उजेड उघडझाप झाला की वाकलाय.

बीबी काढताना चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा, एवढं विसरू नको. जोर लावून उलट आवळत बसतात लोक.

निपाणीची_पूड
काका, माझ्याकडं जुनी रोडची फ्रेम हाय, मागं १२६. त्यात १३० चं चाक घालायचंय. फाकवून बसतंय काय?

दीड_सूत
लोखंडी असली तर बसतंय. अॅल्युमिनियम असली तर हात लावू नको, आज नाही तर उद्या वेल्डजवळ चीर जाणार. लोखंडीला चिमट्यात लांब आट्याची सळई, दोन नट, आतून बाहेर हळूहळू. नटाने हवं त्यापेक्षा जास्त फाकवावं लागतं, सोडल्यावर परत येतं. मग दोरा घे. एका ड्रॉपआउटपासून हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताण. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ. नाहीतर एकच बाजू वाकलीय. फ्रेम घेऊन ये, चहा पाजतो.

पुण्यातला_बेळगावकर
आता माझीच पंचाईत. माझं नवी घ्यायचं म्हणणं मागे घेत नाही, पण एक विचारतो: जुन्यातलं नक्की काय टाकून द्यायचं, याची कुणी मर्यादा घालणार का? जुनं म्हणून सगळंच वापरत सुटू नये.

कॅम्पातली_सायकल
रास्त प्रश्न. अॅल्युमिनियमचं जुनं हँडल आणि स्टेम मी कधीच वापरत नाही. लोखंडाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ते दर खड्ड्याला थोडं थोडं थकत जातं आणि एके दिवशी न सांगता मोडतं. इथं हँडल लोखंडी आहे, तरी टोकाच्या बुचातून आत बॅटरी मारून गंज बघावा. केबल, केबलचं आवरण, ब्रेकचं रबर, टायर, ट्यूब नवी. रिमची ब्रेकची बाजू आत खोलगट झाली असेल तर रिमही नवी. फ्रेम, हब, क्रँक, डिरेल्युअर, सीट जुनं खुशाल.

तिसरं_गेट
अपडेट. सायकल उभी राहिली. फ्रेम, हब, क्रँक, डिरेल्युअर, शिफ्टर, हँडल जुनं. चिमटा, स्टेम, सीटचा दांडा, लिव्हर, टायर, चेन, चकती, फ्रीव्हील, बीबी नवं. शिफ्टरची पट्टी ओतीव निघाली, काकांनी बोअर केली. पैसे घेतले नाहीत, कुंदा मात्र ठेवून घेतला. रंग दिला नाही, जुन्यावरच मेण घासलं.

पहिल्या दिवशी पुढचा ब्रेक असा किंचाळायचा की टिळकवाडीतली कुत्री मागे लागली. मग वाचलं की रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकायला हवं. रबराच्या मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा दुमडलेला तुकडा घातला, लिव्हर दाबून धरला, बोल्ट आवळला, तुकडा काढला. आवाज बंद.

येळ्ळूरवरून राजहंसगडाला गेलो. चढाला ३४-३४ लागला. उतरताना दोन बोटांनी ब्रेक पुरतो. देसूरच्या बाजूने पाणंदीतून परत येताना चेन एकदाही पडली नाही. मनगटही ठीक.

चंदगडी_काजू
अभिनंदन! आता बेळगुंदी-राकसकोप-तुडये असा फेरा मारू. राज्याची हद्द ओलांडली की रस्त्याचा पोत बदलतो, कुठल्या बाजूला चांगला होतो ते मी इथे लिहिणार नाही, धागा पेटायचा.

खानापूरच्या जंगलात जायचा कुणाचा बेत असेल तर भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय आतल्या वाटांनी घुसू नका. हेमाडग्याच्या बाजूला नुसत्या डांबरी रस्त्यावरूनही गवे दिसतात. संध्याकाळी तिकडे नको.

पुण्यातला_बेळगावकर
वजन किती भरलं?

तिसरं_गेट
काट्यावर घातली नाही, घालणारही नाही.

निपाणीची_पूड
ते ७००सीची चाकं राहिलीत न्हवं तुमच्याकडं? मागचं १३० चंच असंल. माझी फ्रेम काकांनी फाकवून दिलीय.

तिसरं_गेट
१३० चंच आहे, मोजलंय. पुढच्या चाकाच्या दोन तारा ढिल्या आहेत, आऊट काढून घ्यावा लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी तिसऱ्या गेटपाशी घेऊन येतो.